अकरा अंड्यांची तीट

वहिनीचा तेरावा आणि तिच्या कोंबडीचा एकविसावा दिवस एकाच तारखेला आले.

कोणी ठरवून केलं नव्हतं. वहिनीने काबरीला अंड्यांवर बसवलं आणि त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी, ओट्यावर चहा पिता पिता ती गेली. कप हातातच होता म्हणे. आता कोंबडीला हे कोण सांगणार? ती बसून राहिली. अंगणात माणसं आली, रडारड झाली, दादाने डोक्याचे केस दिले आणि गोठ्याच्या कोपऱ्यात काबरी डोळे अर्धे मिटून आपलं काम करत राहिली.

मी बुऱ्हाणपुरातल्या लोधीपुऱ्याहून सकाळच्या जीपने आले. खकनारच्या रस्त्याला आमचं गाव. बुऱ्हाणपूर सुटलं की दोन्ही बाजूंनी केळी सुरू होतात आणि गाव येईपर्यंत संपत नाहीत. अंगणात गोवऱ्यांवर बट्ट्या भाजत होत्या, मोठ्या पातेल्यात वरण उकळत होतं, पुरुषमाणसं मांडवात गप्प बसली होती. दादा खांबाला टेकून होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "आली का?" आणि पुन्हा खांबाला टेकला.

मीना, म्हणजे वहिनीची मुलगी, धावत आली. तीही शहरातच, इतवाऱ्यात राहते, बोलण्यात हिंदी जास्त. डोळे सुजलेले, पण हाताला ओढून म्हणाली, "आत्या, आधी गोठ्यात चल. आज इक्कीसवा दिन आहे. मम्मीने बसवलेली आहेत."

मी म्हटलं, येते गं, पाणी तर पिऊ दे. पाणी प्यायले, पाय धुतले, दादाशी दोन शब्द बोलले, सगळ्यांना भेटले. गोठ्यात मात्र जाईना. पन्नास वर्षं झाली, कोंबडी अंड्यांवर बसली आहे असं कळलं की मी त्या बाजूला फिरकत नाही. शाळेत तीस वर्षं पोरांना शिकवलं, कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. शिकवताना दर वर्षी फळ्याकडे तोंड करायचे. मी झाकलेलं कोंबडं फार जुनं होतं, आणि वहिनीला एकदा तरी ते उघडून दाखवायचं मी ठरवून ठेवलं होतं. एकच वाक्य होतं. ते सांगायचं राहिलं.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिच्यासोबत एक ट्रंक, चार भांडी आणि एक डालं आलं. डालं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. तिचं माहेर खकनारच्याही पुढे, जंगलाच्या कडेला. तिथे घरोघर कोंबड्या. आमच्याकडे कोंबडी खायला चालायची, पाळायला नाही. मायने डालं उचलून पाहिलं. आत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक कोंबडी मान वाकडी करून मायकडेच पाहत होती.

"हे काय आनलं वं?" माय म्हणाली.

"माह्या बापानं देलं," वहिनी म्हणाली. सासरी आल्यावर तिने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य असावं.

वहिनी तेव्हा सतरा-अठराची असेल आणि मी दहाची. तिची बोली आमच्यापेक्षाही वेगळी, तिकडच्या हिंदीत बुडवून काढलेली. आम्ही हसायचो. मग ती माणसांशी कमी आणि त्या कोंबडीशी, काबरीशी, जास्त बोलायला लागली. ज्वारी पाखडताना सुपातून मुद्दाम चार दाणे सांडायची, सांडले की जिभेने ती-ती-ती करायची. दुपारी माय झोपली की गोठ्यात काबरीला मांडीवर घेऊन तिच्या पंखाखालच्या उवा वेचायची आणि बोलत बसायची. काय बोलायची ते मला कधी नीट ऐकू आलं नाही. एकदा "बाबा" एवढंच ऐकू आलं. तिच्या माहेरातलं जिवंत असं आमच्या घरात तेवढंच एक होतं.

पौषात काबरी खुडूक झाली. अंडी द्यायची थांबली, अंग फुगवून रिकाम्या टोपलीत बसायला लागली, जवळ गेलं की कुर्रकुर्र करायची. वहिनीने माझा हात धरून तिच्या पोटाखाली घातला. तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीची ऊब होती तिथे. "आता हिले आई व्हायचं हाय," वहिनी म्हणाली आणि स्वतःच लाजली.

आमच्याकडे पाचच अंडी होती. शेजारच्या गिरजाकाकूने सहा दिली, अर्धेलीने. अर्धेली म्हणजे अंडी एकाची, कोंबडी दुसऱ्याची, पिल्लं निघाली की निम्मी-निम्मी. अकरा झाली. अंडी नेहमी विषम मांडायची, सम मांडली तर बरकत नाही. टोपलीत तळाला राख, वर कडुनिंबाचा पाला, त्यावर केळीची वाळकी पानं हाताने चिरून मऊ केलेली, एका कोपऱ्यात लोखंडाचा खिळा. वहिनीने प्रत्येक अंड्यावर कोळशाने एक रेघ ओढली. कोंबडी नवं अंडं घालून बसली तर ओळखू यावं म्हणून. दिवेलागणीला काबरीला वर ठेवलं. ती एक-एक अंडं चोचीने पोटाखाली सारत गेली, सगळं मनासारखं झालं तेव्हा बसली. तो सगळा वास मला अजून येतो. राखेचा, वाळक्या केळीचा, कोंबडीच्या गरम पिसांचा.

माय दारात उभी होती. म्हणाली, "निंघाले पिल्लं तं ठेव मंग कोंबड्या. नाही निंघाले तं हे डालं मी इतवाऱ्याच्या बाजारात पाठोते."

वहिनी हो म्हणाली. एवढी खुशीत हो म्हणाली की मायसुद्धा जरा हसली.

बारा दिवस सगळं ठीक चाललं. तेराव्या दिवशी वहिनी बाहेर बसली. तेव्हा बायकांनी त्या चार दिवसांत गोठ्याच्या मागच्या पडवीत बसायचं, कशाला शिवायचं नाही. अंड्यांना तर नाहीच नाही. विटाळ लागला की अंडी नासतात, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वहिनीने मला लांबूनच बोलावलं.

"पाय, चार दिवस तुह्या हवाली. सकाळी काबरी उठंल, दाने-पानी दे, परत बसली का ते पायजो न मंगच शाळेत जाजो. अंड्याले हात नको लावू बाई."

मी शपथ घेतल्यासारखी मान हलवली. इतकी मोठी गोष्ट मला कोणी पहिल्यांदाच दिली होती.

दुसऱ्याच सकाळी, म्हणजे चौदाव्या दिवशी, काबरी दाणे टिपायला उठली. कुत्रं शिरेल म्हणून मी दार लावून घेतलं. आत मी आणि अकरा अंडी. गिरजाकाकू म्हणायची, अंड्यातली पिल्लं आतून बोलतात. मला ऐकायचं होतं, बाकी काही नाही. एक अंडं उचलून कानाशी धरलं. काही नाही. जरा हलवून पाहिलं. पुन्हा कानाशी दाबलं आणि ते हातातून निसटून बाकीच्यांवर पडलं.

आत एक डोळा होता. मिटलेला, मोठा, काळा. लाल दोरे, तो डोळा आणि ओल्या लवेचं इवलं अंग, अजून पुरतं पिल्लू न झालेलं. सगळ्या अंड्यांवर ते पसरलं.

मी हुशार मुलगी होते. हुशार मुलीच अशी घाण करतात, साध्या मुली रडत आईकडे जातात. दहा अंडी फ्रॉकमध्ये घेऊन मागच्या दाराने हौदावर गेले. पौषातलं हौदाचं पाणी, बोटं बधिर व्हायची. एक-एक अंडं चोळून धुतलं, शाळेत हात धुवायला शिकवलं होतं तसं. चोळता चोळता कोळशाच्या रेघाही गेल्या. फुटलेलं केळीच्या बुंध्याशी पुरलं. परत येऊन पाहते तर दहाच. सम! गिरजाकाकूने खायला दिलेलं एक ताजं अंडं कोनाड्यात होतं, ते आणून अकरा केली. रेघ ओढायला कोळसा हवा होता, पण चुलीपाशी माय बसलेली. मग माझी काजळाची डबी आणली आणि बोटाने प्रत्येक अंड्याला एक ठिपका लावला, तान्ह्या बाळाच्या गालाला तीट लावतात तसा. मला वाटलं, काळं ते काळं, कोण बघतंय.

या सगळ्यात किती वेळ गेला कोणास ठाऊक. दार उघडलं तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं. काबरी बाहेर दाराला टोच मारून मारून दमली होती. अंडी नदीतल्या गोट्यांसारखी गार. ती आत धावली, एक-एक पोटाखाली ओढलं आणि बसली. मी शाळेत गेले.

वहिनी पाचव्या दिवशी न्हाऊन आली ती सरळ टोपलीपाशी. काबरीला अलगद उचललं. ती अंड्यांकडे पाहत राहिली. एक उचललं, उजेडाला धरलं, त्यावरचा ठिपका पाहिला, मग बोटाने नुसता स्पर्श केला. अंडं परत ठेवलं आणि लुगड्याला हात पुसला. मला वाटलं, सुटले.

एकविसावा गेला, बाविसावा, तेविसावा. वहिनी उठता-बसता टोपलीला कान लावायची. मी तिच्या कान लावण्याकडे पाहायचे आणि शाळेला पळायचे. चोविसाव्या दिवशी गिरजाकाकू आली, अंडी अंगणात आणली आणि एकेक फोडलं. तो वास सांगत नाही. दहा नासलेली. अकराव्यात मात्र बोटभर काहीतरी हलत होतं. ते हललं आणि थांबलं. "हे असं उशिरा काऊन?" गिरजाकाकू म्हणाली. उत्तर मला येत होतं.

माय वहिनीकडे वळली. "खरं सांग. बाहेर बसली व्हती तवा हात लावला का नाही तू अंड्याले?"

वहिनीने हात लावला नव्हता. चार दिवस ती पडवीच्या कडेपर्यंतही आली नव्हती, हे त्या अंगणात दोघींनाच पक्कं ठाऊक होतं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण घरातून निघताना दिवा मालवला की नाही म्हणून मागे वळून पाहतो, तसं. मी मायच्या पदराआड होते. मायचा हात फार वाईट पडायचा, चिमटा असेल तर चिमट्यासकट.

"व्हय," वहिनी म्हणाली. "लागला असंल माहा हात."

पुढे जे झालं ते मी भराभर सांगते, हळू सांगवत नाही. काबरी रिकाम्या टोपलीतच बसून राहिली. अंडी नाहीत तरी पोटाखाली नसलेलं काहीतरी चोचीने सारायची. खुडूक मोडायला कोंबडीच्या नाकातून पीस ओवतात. मायने ते वहिनीलाच करायला लावलं. वहिनीने काबरीचंच एक पीस घेतलं, तिला मांडीवर घेतलं, उवा वेचायला घ्यायची तशीच, आणि ओवलं. काबरीने पंख फडफडवले. वहिनी तिला ती-ती-ती करत होती आणि तिचं नाक गळत होतं. रविवारी बाबा डालं सायकलला बांधून इतवाऱ्याला गेले. संध्याकाळी येताना पुढच्या दांडीवर रिकामं डालं होतं आणि माझ्यासाठी जिलबी. मी जिलबी खाल्ली. ही गोष्ट मी स्वतःला कधी माफ केली नाही, अंड्यांपेक्षाही.

त्यानंतर बायका वहिनीला कोंबडी बसवायच्या वेळी बोलवेनात. हिच्या हाताला यश नाही, म्हणायच्या. लोणच्याच्या कैऱ्या चिरायलाही तिला मागे बसवायच्या. मीना झाली तेव्हासुद्धा गिरजाकाकू म्हणाली, "चला, हे तरी निंघालं." सगळ्या हसल्या, वहिनीही हसली. मी तिथेच पाट घेऊन बसले होते.

मी सांगणार होते, खरंच. माझ्या हळदीच्या दिवशी ती माझ्या पायाला हळद लावत होती, तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, तुले ते अंडे आठोतात का?" ती म्हणाली, "कोनते अंडे वं? पाय इकडं कर, घोटा राहिला." माय गेली तेव्हा घाटावर ताप्तीत हात धुताना मी पुन्हा सुरुवात केली. "वहिनी, ते काबरीचं..." ती उठलीच. "चाल, उन्हं झाली. दादाचं डोकं दुखंल." गेल्या वर्षी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते. तोंड उघडलं, तेवढ्यात तिनेच विचारलं, "तुह्या गुडघ्याचं काय झालं?" दर वेळी मला वाटायचं, बरं झालं, आज नको, पुढच्या वेळी. भित्र्या माणसाला पुढची वेळ फार आवडते.

माय गेल्यावर वहिनीने ते जुनं डालं माळ्यावरून काढलं आणि कोंबड्या पाळल्या. अंगण भरून कोंबड्या. नंतर नंतर खकनारकडच्या बायका तिच्याकडून अंडी मागून न्यायच्या. फोनवर मीना सांगायची, मी विषय बदलायचे.

पंगत बसायला वेळ होता. मीना पुन्हा आली. "आत्या, चल ना. बायका म्हणत होत्या सुतकात हात नको लावू. मी म्हटलं, मम्मी मानत नव्हती ये सब. तेरा दिवस मीच दाणे दिले."

या वेळी मी गेले. तोच कोपरा. आता सिमेंटचा आहे, पण टोपलीत राख, कडुनिंब, चिरलेली केळीची पानं, खिळा, सगळं तेच. काबरीही काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचीच. वहिनीने आयुष्यभर त्याच रंगाची ठेवली आणि प्रत्येकीला काबरीच म्हटलं. तिच्या पिसांतून एक ओलं, पिवळं डोकं बाहेर आलं आणि आत गेलं. मीनाने हात घालून एक अंडं काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"हे अजून बाकी आहे. कानाशी धर, आतून आवाज करतंय."

मी हात पुढे केला आणि थांबले. अंड्यावर कोळशाची रेघ नव्हती. काजळाचा ठिपका होता. गोल, जरासा फिसकटलेला, बोटाने लावलेला.

"हे काय गं?" मी विचारलं.

"तीट." मीना म्हणाली. "मम्मी हमेशा लावायची. सगळ्या बायका कोळशाने रेघ मारतात, मम्मी काजळच. मी विचारलं होतं एकदा, असं का? तर म्हणाली, हे मी तुह्या आत्यापासून शिकली."

मी अंड्यावरचा ठिपका पुन्हा पाहिला.

"अजून काय म्हणाली?"

"काही नाही. हसली. म्हणाली, आत्याले नको विचारू बरं का, रडते ते."

अंगणातून कोणीतरी मीनाला हाक मारली, द्रोण कुठे ठेवलेत म्हणून. तिने अंडं माझ्या हातात दिलं आणि गेली.

अंडं गरम होतं. वहिनीचं बोट त्या ठिपक्यात जसंच्या तसं उमटलेलं होतं, बारीक रेषांसकट, आणि वहिनी कुठेच नव्हती. तिला सगळं माहीत होतं. पाचव्या दिवशी उजेडाला अंडं धरलं तेव्हापासून. मी पन्नास वर्षं तिच्याजवळ यायचे तोंड उघडून, आणि ती घोटा, उन्हं, गुडघे काही ना काही पुढे करायची. मला वाटायचं माझंच धाडस होत नाही. तिने मला ते वाक्य म्हणूच दिलं नाही. आणि मी मूर्ख, मी ऐकलं तिचं. मी म्हणायलाच हवं होतं. ती नको नको म्हणाली असती तरी, तिचे दोन्ही हात धरून.

मी अंडं कानाशी धरलं. या वेळी दाबलं नाही. आतून टक् आवाज आला, मग थांबून पुन्हा टक्. मी कानापासून दूर घेतलं तर ठिपक्याच्या मधोमध एक बारीक तडा गेला होता आणि बोटाची खूण दोन जागी झाली होती. मी घाईने अंडं परत टोपलीत ठेवलं.

बाहेर पंगतीला हाक आली. मी तिथेच खाली बसले, कोंबडीसमोर, आणि ते वाक्य एकदाचं बोलून टाकलं.

"वहिनी, अंडे म्या धुतले व्हते."

काबरीने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. मग तिने ते अंडं चोचीने पोटाखाली ओढलं, वर पिसं सारखी केली आणि पुन्हा बसली.